वाचकांचे प्रश्न: पहाटे सुरू होते आणि बंद पडते

बेळगाव-खानापूर पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १३-१४ अंशांवर उतरतो. एवढ्या थंडीत चांगल्या पेट्रोल गाडीने कुरकुर करायचं काही कारण नाही. उन्हाळ्यात झाकून राहिलेला दोष मात्र या दिवसांत उघडा पडतो. यंदा आलेल्या बहुतेक पत्रांत बदललेल्या पार्टची यादी आहे, पण गाडी नेमकी कधी बंद पडते याचा उल्लेख नाही. सुरू होताच दोन सेकंदांत, मिनिट-दोन मिनिटांनी, की गरम झाल्यावर? निम्मं निदान या वेळेतच असतं. पत्र लिहिताना ती जरूर लिहा.

प्रश्न (खानापूर): माझी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. पहाटे सेल्फ मारला की लगेच चालू होते, पण दोन-तीन सेकंदांत बंद. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला तर तग धरते. पाच मिनिटांनी गरम झाली की दिवसभर त्रास नाही. बॅटरी आणि चारही प्लग नवे टाकले, काही फरक नाही. आता मेकॅनिक फ्युएल पंप बदलूया म्हणतो.

उत्तर: पंप सध्या राहू द्या. पाय ठेवला की तग धरते, हे तुमचं वाक्य फार मोलाचं आहे. पेट्रोल पोचतंय, ठिणगीही पडतेय, कमी पडतेय ती बहुधा हवा.

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेच्या) भिंतीला चिकटून राहतं. म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) सुरुवातीला पेट्रोल जास्त सोडतो आणि त्याच्या जोडीने हवाही. त्यामुळेच थंड इंजिन ११०० ते १५०० आरपीएमवर फिरतं आणि तापेल तसं ७०० ते ८५० वर उतरतं. ही जादा हवा केबलच्या थ्रॉटलच्या गाडीत आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्हमधून (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, म्हणजे आयडलवर, हवा देणाऱ्या व्हॉल्व्हमधून) जाते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत त्यासाठी थ्रॉटलची झडप, म्हणजे बटरफ्लायच, किंचित उघडते. लाखभर किलोमीटरमध्ये क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या पोकळीतून) येणाऱ्या ऑइलच्या वाफेचा काळा चिकट थर नेमका इथेच बसतो आणि ती वाट बुजते. गरम इंजिनाला तेवढी हवा लागत नाही, म्हणून तुमचा दिवस निभावून जातो.

साफसफाईला हात घालण्याआधी एक बिनखर्चाची तपासणी करा. गाडी रात्रभर उभी असताना, सेल्फ मारण्याआधी, फक्त चावी ऑन करून स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान हे दोन आकडे बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे असतात, तीन-चार अंशांचा फरक चालतो. हवा १५ अंश आणि कूलंट ६० दाखवत असेल, तर ईसीयू इंजिन गरम समजून जादा पेट्रोल देतच नाही. मग दोष कूलंट सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा. स्कॅनर नसेल तर सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. बहुतेक गाड्यांत २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास रेझिस्टन्स मिळतो. डॅशबोर्डवरचा काटा बरोबर चालतो म्हणून सेन्सर चांगला असं धरून चालू नका. अनेक जुन्या गाड्यांत काट्याचा सेंडर वेगळा आणि ईसीयूचा सेन्सर वेगळा असतो.

तापमानं जुळली तर थ्रॉटल बॉडी उघडा. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढा आणि बटरफ्लायच्या कडेला टॉर्च मारा. काळी कड दिसली की बहुधा चोर सापडला. थ्रॉटल बॉडी क्लीनर सुती फडक्यावर किंवा मऊ टूथब्रशवर घेऊन कड पुसा. डबा उलटा करून आत ओतू नका. पॉलिश पेपर, स्क्रू ड्रायव्हर, वायरब्रश यांना हात लावू नका, कारण काही थ्रॉटल बॉडींना आतून कंपनीचं कोटिंग असतं आणि ते गेलं की आयडल कायमचं बिघडतं. केबलचा थ्रॉटल हाताने उघडता येतो. इलेक्ट्रॉनिक असेल तर चावी ऑन असताना बटरफ्लाय बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात आणि बोटही चेमटतं. आयडल व्हॉल्व्ह दोन-तीन स्क्रूंनी बसवलेला असतो. तो काढून टोक खाली धरूनच फवारा, म्हणजे क्लीनर मोटरमध्ये उतरणार नाही. त्याची पिन ओढून बाहेर काढू नका. गॅस्केट फाटलं असेल तर नवं घाला, नाहीतर तिथूनच हवा खेचली जाईल.

सफाईनंतर आयडल उलट वाढलेलं दिसेल. घाणीची सवय झालेला ईसीयू अजून जुन्या हिशोबाने वाट उघडत असतो. एसी, दिवे, पंखा सगळं बंद ठेवून रेडिएटरचा फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी आयडलवर चालू द्या, मग पाच मिनिटं एसी लावून ठेवा. काही मॉडेलना हे शिकवणं स्कॅनरमधूनच करावं लागतं. हे सगळं अंगणात करा, बंद गॅरेजमध्ये नको. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो.

आणि एक कळकळीचं सांगणं: आयडल वाढवण्यासाठी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू कुणालाही फिरवू देऊ नका. आपल्याकडे ही खोड फार आहे. तो स्क्रू फिरला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं ‘पूर्ण बंद’चं माप सरकतं, पाय काढलाय हेच ईसीयूला कळत नाही, आणि मग खरा दोष शोधायला दुप्पट वेळ लागतो.

प्रश्न (निपाणी): २०१४ ची सेडान. सकाळी आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, तेव्हा कुठे चालू होते. एकदा चालू झाली की आयडल एकदम छान. दुपारी अर्ध्या सेल्फात चालू. इंजेक्टर बदलायला सांगितलंय.

उत्तर: तुमचं आणि वरच्या वाचकांचं दुखणं अगदी वेगळं आहे. चालू झाल्यावर आयडल छान आहे, म्हणजे हवेची वाट मोकळी. रात्रभरात पेट्रोल लाइनमधलं प्रेशर उतरतंय असं दिसतं.

उद्या सकाळी हे करा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येईल. चावी बंद करा. असं तीनदा केल्यावर सेल्फ मारा. गाडी लगेच चालू झाली तर प्रेशर उतरतंय हे नक्की. पंपाची गुणगुण आलीच नाही, तर आधी फ्यूज आणि रिले बघा.

आता प्रेशर जातं कुठे? एक तर पंपातला चेक व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर पेट्रोल टाकीत परत सोडतो, नाहीतर एखादा इंजेक्टर रात्रभर थेंब थेंब गळतो. दोन्हींची खूण वेगळी आहे. इंजेक्टर गळत असेल तर सुरू होताना कच्च्या पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरमधून काळा धूर फुसकन निघतो आणि काढलेल्या प्लगांपैकी एकच ओला मिळतो. अशा वेळी चावी तीनदा ऑन करण्याचा काही फायदा होत नाही, त्रास वाढतोच. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला तर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू पेट्रोल तोडतो, आतलं जादा पेट्रोल निघून जातं आणि इंजिन धरतं. वास नाही, धूर नाही आणि चावीच्या युक्तीने गुण येतो, तर संशय पंपाच्या बाजूला. तुमच्या पत्रात वासाचा नि धुराचा उल्लेख नाही, म्हणून इंजेक्टरवर खर्च करण्याआधी हे बघून घ्या.

खात्री हवी तर गेज लावायला सांगा. बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार प्रेशर असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. इंजिन बंद केल्यावर काटा हळूहळू उतरला तर हरकत नाही, पाच मिनिटांत शून्याकडे आला तर दोष पक्का. लाइन उघडण्याआधी प्रेशर काढून टाकायला हवं, हे काम अंगणात पक्कड घेऊन करायचं नाही.

सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेजही मोजून घ्या. उभ्या गाडीत १२.६ असावं आणि सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेलं की पंप मंद फिरतो आणि इंजेक्टरही नीट उघडत नाहीत. बॅटरी नवी असूनही व्होल्टेज पडत असेल, तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी काढून गंज खरवडा. पावसाळ्यानंतर ही पट्टी हमखास हिरवी पडलेली असते.

प्रश्न (कोगनोळी): माझे मेव्हणे कागलहून येतात आणि आमच्या पंपावर टाकी अगदी तोंडापर्यंत भरून नेतात. पेट्रोल भरल्यावर लगेच त्यांची गाडी चालू होत नाही, झाली तरी दोन-तीनदा बंद पडते. पंपावर भेसळ आहे का?

उत्तर: भेसळीवर बोट ठेवण्याआधी पर्ज व्हॉल्व्ह बघा. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि इंजिन चालू असताना हा व्हॉल्व्ह ती थोडी थोडी इनटेकमध्ये सोडतो. तो उघडाच अडकला तर टाकी भरताना दाबली गेलेली वाफ सगळी एकदम इंजिनात जाते आणि मिश्रण फार रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त नि हवा कमी. व्हॉल्व्हचा कनेक्टर आणि नळ्या काढून फुंकून बघा. करंट नसताना तो बंदच असायला हवा. हवा आरपार गेली तर व्हॉल्व्ह बदला.

दुसरं कारण त्यांच्या सवयीत आहे. कर्नाटकात पेट्रोल सहसा थोडं स्वस्त मिळतं म्हणून सीमेवर टाकी काठोकाठ भरायची पद्धत पडली आहे. नोझल आपोआप तुटल्यावरही वर आणखी लिटर-दीड लिटर कोंबलं की पेट्रोल वाफेच्या वाटेने कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळसा भिजून निकामी होतो. वाचतात ते दहा-वीस रुपये, खर्च कॅनिस्टरचा. पहिल्या ‘कट’ला नोझल काढायला सांगा.

प्रश्न (बेळगाव, उद्यमबाग): स्कॅनरवर मॅप सेन्सर चावी ऑन असताना ९२ दाखवतो. व्हिडिओत १०१ हवा असं सांगतात. सेन्सर गेला का?

उत्तर: सेन्सर उत्तम आहे. मॅप सेन्सर इनटेकमधल्या हवेचा दाब मोजतो, आणि इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेएवढाच असतो. १०१ किलोपास्कल हा समुद्रसपाटीचा आकडा. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे हवेचा दाब ९२-९३ च भरतो. हीच गाडी चोर्ला घाटातून उतरून पणजीत उभी करा, १०१ दाखवेल. तुमच्याकडे इंजिन बंद असताना १०१ दाखवला असता तर काळजी करायला हवी होती. गरम इंजिनाच्या आयडलवर ३० ते ४० च्या दरम्यान आकडा असावा. तो ५० च्या वर राहत असेल तर कुठून तरी फुकटची हवा शिरतेय किंवा व्हॉल्व्ह टायमिंग चुकलंय.

प्रश्न (संकेश्वर): आयडल ९०० ते १५०० मध्ये झोके खातं. थंडीत जास्त, गरम झाल्यावर कमी. कोड पी ०१७१. ऑक्सिजन सेन्सर बदलला, पंधरा दिवसांत कोड परत.

उत्तर: पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, हवा जास्त नि पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर इथे साक्षीदार आहे. साक्षीदार बदलून चोरी थांबत नाही.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय तो आकडा) बघा. आयडलवर ट्रिम अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला अधिक ५ च्या आत आला, तर व्हॅक्यूम लीक. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात चोरीची हवा मोठी ठरते. रेस दिल्यावर तीच हवा एकूण हवेत नगण्य होते. उलट रेस दिल्यावर ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप, प्रेशर.

तुमच्याकडे गरम झाल्यावर त्रास कमी होतो, म्हणजे रबर किंवा गॅस्केट थंडीत आखडतंय आणि तापल्यावर फुगून फट बुजवतंय. म्हणून तपासणी थंड इंजिनावरच करा, दुपारी गॅरेजला नेऊन काही सापडणार नाही. आधी पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी) नळी पिळून बघा, वाकते तिथे खालच्या बाजूने ती चिरलेली असते. मग ब्रेक बूस्टरची नळी, मग इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगा. साबणाचं पाणी फवारत जा. फट असेल तिथे पाणी आत ओढलं जातं आणि आरपीएम क्षणभर बदलतं. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. गरम एक्झॉस्ट शेजारीच असतो, त्यामुळे ते करू नका. चांगल्या गॅरेजमध्ये स्मोक मशीन असतं, त्यात दहा मिनिटांत धूर बाहेर येऊन फट दाखवतो.

ऊसतोड सुरू असलेल्या भागात आणखी एक बघा. फड मोकळा झाला की उंदीर घराकडे आणि गरम बॉनेटखाली येतात. कुरतडलेली व्हॅक्यूम नळी किंवा इंजेक्टरची वायर अशीच लक्षणं देते.

प्रश्न (रायबाग): उसाचंच इथेनॉल पेट्रोलमध्ये येतं, म्हणून आम्ही ऊसवाले खूश आहोत. पण ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून सकाळी गाडी अडखळते असं सगळे म्हणतात. खरं काय?

उत्तर: थोडं खरं आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पट उष्णता लागते आणि ते स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त द्यावं लागतं. गरम इंजिनात ऑक्सिजन सेन्सर हा हिशोब सांभाळतो, पण थंडीत पहिली काही सेकंदं तो सेन्सर झोपलेला असतो. तेव्हा आधीच कमजोर असलेला कूलंट सेन्सर किंवा अर्धवट बुजलेला इंजेक्टर उघडा पडतो. निरोगी गाडी आपल्याकडच्या थंडीत ई-२० वर नीट सुरू होते. भारतात एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबर-प्लॅस्टिकचे भाग ई-२० चालतील असे दिलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांत पेट्रोलच्या नळ्या दरवर्षी वाकवून चिरा बघा.

महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीचं मात्र जपा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फिरवून आणा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवल्याने ना बॅटरी भरते ना ओल जाते.

प्रश्न (सदलगा): सीएनजी किटची गाडी. पेट्रोलवर चालू होते, मिनिट-दोन मिनिटांनी आपोआप गॅसवर जाते आणि तिथेच बंद पडते.

उत्तर: दोन दिवस स्विच पेट्रोलवरच ठेवून चालवा. बंद पडली नाही तर दोष गॅसच्या बाजूला. उच्च दाबाचा गॅस रिड्यूसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागात) पसरताना प्रचंड गार होतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनचं गरम कूलंट फिरवून ऊब देतात. तो ३०-४० अंशांवर येण्याआधी गाडी गॅसवर गेली की प्रेशर डळमळतं. कूलंटची पातळी बघा, रिड्यूसरच्या दोन्ही नळ्या हाताला गरम लागतात का बघा, आणि किटवाल्याकडून बदलाचं तापमान वाढवून घ्या. इंजिनचा थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तरी हेच होतं, तेव्हा काटा नेहमीपेक्षा खालीच राहतो. गॅसची लाइन घरी खोलू नका.

पेट्रोलवरही अडखळत असेल, तर वर्षानुवर्षं न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर चिकटलेले असतील. रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवत जा. टॅपेट क्लिअरन्सही (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) तपासा. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, क्लिअरन्स घट्ट होतो, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि थंडीत कॉम्प्रेशन कमी पडतं.

प्रश्न (जांबोटी): वडिलांची जुनी कार्बोरेटरची व्हॅन. धुक्याच्या सकाळी चोक ओढून चालू होते, चार-पाच किलोमीटर नीट चालते, मग आयडल मरतं. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक.

उत्तर: कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतोय असं वाटतं. जांबोटी-कणकुंबीच्या दमट हवेत १०-१५ अंशांनाही हे होऊ शकतं. पेट्रोलची वाफ होताना थ्रॉटलजवळचा धातू शून्याखाली जातो आणि धुक्यातलं पाणी तिथे गोठून आयडलची वाट बुजवतं. गाडी थांबली की इंजिनच्या उष्णतेने ते वितळतं, म्हणून दहा मिनिटांनी सगळं ठीक. यासाठीच एअर फिल्टरच्या डब्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून गरम हवा आणणारी नळी असते, आणि जुन्या गाड्यांत ती फाटल्यावर कुणीतरी काढून फेकलेली असते. ती परत बसवा. डब्यावर उन्हाळा-हिवाळा असा खटका असेल तर तो हिवाळ्यावर करा.

तरीही आयडल मरत असेल तर चावी ऑन-ऑफ करून आयडल सोलेनॉइडचा ‘टिक’ ऐका. आवाज नसेल तर आधी त्याची वायर बघा. आवाज असेल तर स्लो जेट काढून हवेने फुंका, त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. मिक्स्चर स्क्रू हळुवार टेकेपर्यंत आत घेऊन दीड ते दोन फेरे बाहेर काढा आणि इंजिन गरम झाल्यावर तिथून पाव-पाव फेऱ्याने जुळवा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि एचटी वायरींवर (प्लगला ठिणगीचा करंट नेणाऱ्या) पाण्याचा बारीक फवारा मारा, हात लांब ठेवून. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर ओलीत करंट बाहेर गळतोय, वायरींचा पूर्ण सेट आणि डिस्ट्रिब्युटर कॅप एकदमच बदला.